कोणता जोड चिकटवायचा, कोणता वेल्ड करायचा, हे गॅरेजवाल्याला कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी कारंजा (लाड) इथला डेंटर. मूर्तिजापूर रस्त्याला टिनाच्या शेडखाली गाड्यांच्या पत्र्याचं काम करतो, रंगाचं काम धाकटा भाऊ बघतो. पत्र लांबलं आहे, पण अर्धवट छापलं तर उलटा अर्थ निघेल, म्हणून होईल तेवढी जागा द्यावी ही विनंती.

विषय असा की गाडीचा पत्रा वेल्डिंगऐवजी पॅनल बाँडने, म्हणजे खास त्याच कामासाठी बनवलेल्या चिकटद्रव्याने जोडता येतो. आमच्या भागात याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि दोन्ही महागात पडणारी आहेत. गिऱ्हाइकाला वाटतं, चिकटवलं म्हणजे फसवलं. काही गॅरेजवाल्यांना वाटतं, बाँडची नळी हाती आली की वेल्डिंग मशीन भंगारात घालायला हरकत नाही.

हरभरा उभा असतो त्या दिवसांत रात्रीच्या वेळी रस्त्यावर रोही, म्हणजे नीलगायी, येतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. असाच एक रोही दारव्ह्याकडून येणाऱ्या एका काकांच्या गाडीला बाजूने येऊन धडकला. मागच्या दरवाज्याचा बाहेरचा पत्रा फाटला, आतला सांगाडा मात्र सरळ होता. सगळा दरवाजा बदलायची गरज नव्हती, नुसता बाहेरचा पत्रा आणला. मी सांगाड्याच्या कडेवर काळ्या बाँडची रेघ ओढतोय हे काकांनी पाहिलं आणि तिथंच उखडले. "काऊन बा, पत्रा चिकटवून देतं का मले? वेल्डिंग मार न, ठिणग्या दिसू दे!"

ठिणग्या दिसल्या म्हणजे काम झालं, हा समज आमच्या धंद्यात फार जुना आहे. मी वाद घातला नाही. जुन्या पत्र्याची कापून टाकलेली कड कचऱ्यातून उचलली आणि पकडीने उलगडून त्यांच्यासमोर धरली. दुमडलेल्या घडीच्या आत करड्या रंगाचा वाळलेला पट्टा होता. तो कंपनीनेच लावलेला बाँड. दरवाजा आणि बोनेट यांचा बाहेरचा पत्रा आतल्या सांगाड्यावर कड दुमडून बसवलेला असतो आणि घडीत बाँड भरलेला असतो, ही कारखान्यातली जुनीच रीत आहे. फरक एवढाच की कारखान्यातला बाँड रंगाच्या भट्टीत पावणेदोनशे अंशांच्या आसपास भाजून पक्का होतो. आमच्याकडे भट्टी नाही, म्हणून आम्ही दोन द्रव्यं मिसळून आपोआप घट्ट होणारा बाँड वापरतो. काका गप्प झाले, पण पटलं असं काही म्हणाले नाहीत.

आजच्या गाडीचा बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर गॅसची ज्योत धरली की तीन हजार अंशांच्या पुढची उष्णता लागते. पत्रा ताणतो, थंड झाल्यावर आखडतो आणि मग अंगठ्याने दाबला की टक्-टक् वाजतो. ती लाट झाकायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. लांबी जाड झाली की दोन उन्हाळ्यांत तडकते आणि गिऱ्हाईक पुन्हा दारात येतं. दुसरी गोष्ट गंजाची. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळून उडून जातं, लोखंड वितळायला पंधराशेच्या आसपास लागतात. म्हणजे लोखंडाला लोखंड जुळायच्या आत तिथलं जस्त गेलेलं असतं. वरून आपण प्राइमर मारतो, पण जोडाच्या मागच्या बाजूला हात पोचत नाही. गंज तिथूनच सुरू होतो. जाता जाता सांगतो, या जस्ताच्या धुराने वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो. आमच्यात त्यावर गूळ-दूध घ्यायची पद्धत आहे. त्याने काय होत असेल ते असो, दार-खिडकी उघडी ठेवून तोंडाला नीट मास्क लावलेला बरा.

विजेचं तर विचारूच नका. कारखान्यासारखा स्पॉट, म्हणजे दोन पत्रे दाबून विजेने ठिपक्याएवढ्या जागी केलेला वेल्ड, मारायचा तर मशीनला काही हजार अँपिअर लागतात. आमच्या फीडरवर शेतीचे पंप सुरू झाले की ट्यूबलाइट लुकलुकते, तिथं स्पॉट मशीन काय चालणार? व्होल्टेज कमी असताना मारलेला स्पॉट वरून छान गोल दिसतो आणि पटाशी घातली की बटणासारखा सुटतो. सीओटू गॅसवरचं वेल्डिंग मशीन आहे माझ्याकडे, पण सिलिंडर संपलं की अकोल्याला जावं लागतं. अशा ठिकाणी बाँड हा मोठाच आधार आहे. ज्योत नाही, सीट आणि गाद्या काढायच्या नाहीत, पेट्रोलच्या टाकीची धास्ती नाही. खताची पोती वाहून डाल्याचा, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागाचा, पत्रा चाळणीसारखा झालेल्या पिकअप आमच्याकडे नेहमी येतात. तिथं वेल्डिंग धरायला चांगला पत्राच उरलेला नसतो. कुजलेला भाग कापून, कडेला दोन बोटं अंगावर येईल असा नवा तुकडा बाँडने बसवला की पाणीही आत जात नाही.

पण हे काम ज्याला वेल्डिंगपेक्षा सोपं वाटतं त्याने ते केलेलं नाही. दुमडलेली कड ग्राइंडरने वरवर घासायची, दोन पदर सुटेपर्यंतच. जास्त घासलं तर सांगाडाच कापला जातो. मग सांगाड्याच्या कडेवरचा रंग आणि जुना बाँड काढून पत्रा चकचकीत उघडा करायचा. रंगावर बाँड लावला तर तो रंगाला धरतो, आणि रंग सुटला की जोड सुटला. क्लीनरने पुसल्यावर तिथं बोट लावायचं नाही. शेडमधली पोरं हमखास लावतात, कारण लखलखीत पत्र्यावर हात फिरवायचा मोह कोणाला आवरत नाही. नळीत दोन कप्पे असतात आणि दोन्ही द्रव्यं टोकाच्या नळकांड्यात मिसळून बाहेर येतात. सुरुवातीचा थोडा भाग टाकून द्यायचा, कारण त्यात दोन्हींचं प्रमाण बरोबर असेलच असं नाही. इतका महाग माल टाकून देताना जीव कासावीस होतो आणि नेमका तोच भाग कोणीतरी कोपऱ्यात वापरून टाकतो. मग उघड्या केलेल्या साऱ्या पत्र्यावर बाँडचा पातळ हात फिरवायचा, त्यावर रेघ ओढायची, पत्रा बसवायचा, कड हातोडीने, मागून डॉलीचा (लोखंडी ठोकळ्याचा) आधार देत हळूहळू वळवायची आणि क्लॅम्प लावायचे. चांगल्या बाँडमध्ये काचेचे बारीक मणी घातलेले असतात. क्लॅम्प कितीही आवळला तरी त्या मण्यांमुळे दोन पत्र्यांत ठरावीक फट राहते. मण्यांशिवायचा बाँड पिळून सगळा बाहेर येतो आणि जोड कोरडा राहतो. आणि हातात मोजे हवेत. या बाँडमध्ये इपॉक्सी नावाचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी एकदा अंगाला लागली की पुढे थेंबाने सुद्धा पुरळ उठतं.

त्यात आपलं वऱ्हाडचं ऊन. एका चांगल्या बाँडच्या कागदावर लिहिलं आहे की २३ अंशांना दीड तास तो हाताळता येतो, चार तासांनी क्लॅम्प काढता येतात आणि पूर्ण ताकद यायला चोवीस तास लागतात. २३ अंश! मे महिन्यात आमच्या शेडमध्ये पहाटे सुद्धा एवढा गारवा नसतो. साधारण हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की घट्ट होण्याचा वेग दुप्पट होतो. म्हणजे ४३ अंशांना दीड तासाची वीस-बावीस मिनिटं उरतात, आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी तापलेला असतो. अर्धा दरवाजा होईस्तोवर पहिली रेघ साय धरते आणि वरून दाबलेला पत्रा नुसता टेकतो, चिकटत नाही. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून उन्हाळ्यात बाँडचं काम मी उजाडायच्या आत करतो आणि नळ्या शेडमध्ये न ठेवता घरात माठाजवळच्या फडताळात ठेवतो. डिसेंबरात उलटं. सकाळी दहा अंश असतात, बाँड जागचा हलत नाही, मग हॅलोजन लावून पत्रा कोमट करावा लागतो. या मालाच्या जाहिराती करणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात इकडे येऊन दाखवावं.

आता दुसऱ्या टोकाकडे येतो, कारण भीती मला त्याचीच जास्त वाटते.

बाँडची ताकद कुठल्या दिशेने आहे हे समजून घ्यायला हवं. चिकटवलेलं पाकीट दोन्ही बाजूंनी ओढा, कागद फाटेल पण जोड सुटणार नाही. तेच कोपऱ्यात नख घालून सोललं की सरसर उघडतं. मी भंगार पत्र्याच्या दोन पट्ट्या चिकटवून व्हाइसमध्ये धरून पाहिल्या आहेत. सरळ ओढल्या तर पट्टी वाकडी झाली, जोड तसाच राहिला. टोकाला पटाशी घालून उचकटलं तर सुटत गेला. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी बाँडच्या रेघेच्या दोन्ही टोकांना स्पॉट किंवा रिव्हेट सांगितलेले असतात, जेणेकरून सोलायला सुरुवातच होऊ नये. बाँड आणि वेल्ड भाऊभाऊ आहेत. नव्या गाडीत चार-पाच हजार स्पॉट असतात आणि त्यांच्या जोडीला कित्येक मीटर बाँडही असतो. परदेशात १९९६ च्या लोटस एलिसची ॲल्युमिनिअमची चेसिस इपॉक्सीने चिकटवलेली होती, २००३ च्या जॅग्वार एक्सजेची सगळी बॉडी रिव्हेट आणि बाँडवर उभी होती. पण ती गाडी पहिल्या रेषेपासून तशीच आखलेली होती, जोडाच्या कडा त्या हिशेबाने रुंद ठेवलेल्या होत्या. स्पॉटसाठी आखलेली अरुंद कड आपल्या मनाने चिकटवणं हा वेगळा प्रकार झाला.

दरवाजाचा पत्रा, बोनेटची कड, डाल्याची बाजू यांच्यावर गाडी उभी नसते. छप्पर पेलणारे खांब, दरवाज्याखालच्या रनिंग बोर्डच्या आतली पेटी, पुढचे लांब दांडे यांच्यावर ती उभी असते, आणि टक्कर झाली की तेच मार खातात. ते नुसत्या बाँडवर सोडायचे नसतात, हे बाँड बनवणाऱ्यांच्या स्वतःच्याच कागदांत लिहिलेलं असतं. वाचतो कोण? मी खांबाचा जोड साध्या दोन ट्यूबच्या घरगुती इपॉक्सीने बुजवून वरून लांबी आणि रंग मारलेला पाहिला आहे. कुठल्या गावात ते लिहीत नाही. तो गॅरेजवाला लबाड होता असंही मला वाटत नाही, त्याला कोणीतरी सांगितलं होतं की "आता परदेशात सगळं चिकटवतात".

आणि हो, खांब वेल्ड केला म्हणजे काम बरोबर झालं असंही नाही. आजच्या गाड्यांच्या खांबांत तापवून साच्यात दाबलेलं आणि तिथंच झटकन थंड केलेलं पोलाद असतं. त्याची सारी ताकद त्या थंड करण्यात असते. आमचे जुने उस्ताद वाकलेला खांब गॅसने लाल करून ठोकून सरळ करायचे, ॲम्बेसेडरला ते चाललं. या पोलादाला लाल केलं की ते मऊ पडतं. दिसायला सरळ, आतून गेलेलं.

अमेरिकेतल्या डॅलसची एक केस माझ्या भाच्याने मला वाचून दाखवली. गाडी २०१० ची होंडा फिट. आपल्याकडे हाच प्रकार जॅझ नावाने विकला जायचा. गारपिटीने छप्पर ठेचलं गेलं म्हणून एका गॅरेजने नवं छप्पर बसवलं. कंपनीच्या पद्धतीत स्पॉट वेल्ड सांगितले होते, गॅरेजने बाँडने चिकटवलं. पुढे ती गाडी जुनी म्हणून विकली गेली. घेणाऱ्या नवरा-बायकोला छप्पर बदललेलं आहे हेच माहीत नव्हतं. २०१३ मध्ये समोरून आलेल्या गाडीशी टक्कर झाली, दोघं आत अडकले, गाडी पेटली, जीव वाचले पण जबर जखमी झाले. २०१७ मध्ये तिथल्या ज्युरीने एकट्या गॅरेजच्या वाट्याला ३ कोटी १५ लाख डॉलर भरपाई लावली. गंमत म्हणजे इतर काही गाड्यांच्या छपराला बाँड चालतो सुद्धा. या गाडीला नव्हता. २०१४ ची गारपीट आपल्यापैकी कोण विसरलं आहे? त्या वर्षी पिकांबरोबर गाड्यांची छपरंही ठेचली होती. त्यांतली किती कशी बसवली गेली, आणि त्या गाड्या आज कोणाच्या दारात उभ्या आहेत?

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे: कोणत्या जोडाला काय लावायचं हे गाडी बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं आणि लिहूनही ठेवलेलं असतं. अमुक कड बाँड, अमुक कड स्पॉट, इतक्या अंतरावर, हा खांब इथं कापा, तो कापूच नका, अख्खा बदला. तो कागद आमच्या हाती येत नाही. गाडीच्या कप्प्यात मिळते ती पुस्तिका मालकासाठी असते. टायरमध्ये हवा किती आणि ऑइल कधी बदलायचं, बस. पत्र्याच्या दुरुस्तीचा कागद मागितला तर उत्तर मिळतं की गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये आणा. ते वर्कशॉप अकोल्याला किंवा अमरावतीला. चेपलेली गाडी टोचन करून न्यायची, तिथं दोन-तीन आठवडे उभी ठेवायची आणि बिल भरायला सोयाबीन विकायचं. मग लोक आमच्याकडे येतात आणि आम्ही अंदाजाने काम करतो. अंदाज बरोबर निघाला का, हे टक्कर झाल्यावरच कळतं.

हे नुसतं माझं गाऱ्हाणं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता, तो याच कारणासाठी. सुटे भाग, तपासणीची साधनं आणि दुरुस्तीच्या तांत्रिक पुस्तिका बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, असा ठपका होता, आणि हे सगळं खुलं करा असं आयोगाने सांगितलं होतं. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनं हा एक विभाग आहे. भाच्याने माझ्या गिऱ्हाइकांच्या गाड्या घेऊन ते चाळून पाहिलं. हेल्पलाइनचे नंबर मिळाले, वॉरंटीची माहिती मिळाली, पण आम्हाला हवा होता तो पत्र्याच्या जोडांचा कागद काही हाती लागला नाही. गाडी विकताना सुरक्षेचे तारे मिरवतात. ऑक्टोबर २०२३ पासून तर भारत एनकॅपचे, म्हणजे गाडीची टक्कर-चाचणी घेऊन दिले जाणारे, आपले स्वतःचे तारे आले. ते तारे नव्या कोऱ्या गाडीचे असतात. रोही आडवा गेल्यावर त्यांतले किती उरतात ते आमच्यासारख्यांच्या हातात असतं आणि आमच्याच हातात कागद नाही.

आयटीआयमध्ये ऑटो बॉडी रिपेअरचा ट्रेड आहे, पण माझ्या शेडमधली पोरं आठवी-नववीनंतर थेट हातोडी धरतात. त्यांच्यासाठी तालुक्याला दोन दिवसांचं शिबिर घ्या, मराठीत घ्या, आणि मे महिन्यात घ्या, म्हणजे बाँड उन्हात कसा वागतो तेही शिकवणाऱ्याला कळेल. विमा कंपन्यांनाही एक सांगणं आहे. क्लेमच्या कागदावर पत्रा, मजुरी, रंग असे रकाने असतात. बाँडची नळी किरकोळ सामानात ढकलली जाते आणि ते पैसे बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात. एका सर्व्हेअरने मला तोंडावर सांगितलं की वेल्डिंग लिहा, पास होईल. जे केलं नाही ते का लिहू? त्या बिलात मी बाँडच लिहिला, आणि काकांचे ते पैसे कापले गेले.

तेव्हापासून मी बिलाच्या मागच्या बाजूला मराठीत लिहून देतो: मागचा डावा दरवाजा, बाहेरचा पत्रा बदलला, कडेने बाँड, दोन्ही टोकांना वेल्ड, खांबाला हात लावला नाही. रंग मारायच्या आधीचा जोडाचा फोटो गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पाठवतो. उद्या ती गाडी विकली गेली तर घेणाऱ्याला निदान कळेल. गिऱ्हाइकांनीही हे मागून घ्यावं, कोणी देत नसेल तर दुसरं गॅरेज बघावं. खांबाचं काम असेल आणि कंपनीची पद्धत माहीत नसेल तर मी गाडी परत पाठवतो. त्यावरून माझ्याबद्दल गावात बोललं जातं, बोलू द्या.

कोणा गॅरेजवाल्या भावाला बिलाचा हा नमुना हवा असेल तर शेडवर यावं. उन्हाळ्यात दहानंतर यावं, तोवर बाँडचं काम आटोपलेलं असतं आणि बोलायला सवड असते.

आपला,
एक डेंटर
कारंजा (लाड), जि. वाशीम